टांगत्या कुंडीतील वेली: कुंडी कधी बदलावी आणि कशी? (अनुभव धागा)

मनीप्लांट, होया, मोत्यांची माळ, स्पायडर प्लांट अशा खाली लोंबणाऱ्या झाडांची कुंडी बदलणे हे तुळशीची कुंडी बदलण्याइतके सरळ काम नसते. झाड हलवायचे म्हटले की आधी हातभर, कधी पुरुषभर लांबीच्या वेली सांभाळाव्या लागतात आणि त्यातली एखादी मोडली तर वर्षभराची वाढ वाया जाते. त्यातच ‘मृग लागला की सगळ्या कुंड्या बदलून टाकाव्यात’ असा सरसकट सल्ला घरोघरी ऐकू येतो. माझ्या मते हा निर्णय पंचांगावर नव्हे, तर मुळांकडे पाहून घ्यावा. आपण कोणत्या गावी राहता, माती कोणती वापरता आणि झाड कोणते आहे, हे सांगून आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. सुरुवात मीच करते.

पुणे

माझ्याकडे गॅलरीच्या कठड्यावरून खाली सोडलेला मनीप्लांट आहे. घातलेले पाणी मातीत न मुरता कडेकडेने थेट बशीत उतरू लागले आणि नीट पाणी देऊनही दुसऱ्याच दिवशी पाने मलूल दिसू लागली, की कुंडीत माती कमी आणि मुळे जास्त झाली आहेत असे मी समजते. तरीही खात्री करून घेते. कुंडी आडवी करून कडेने थोपटायची, झाड बुडाशी धरून अलगद बाहेर सरकवायचे आणि पाहायचे: मुळांनी कुंडीच्याच आकाराचा पांढरट गुंता केला असेल आणि माती जेमतेम दिसत असेल, तरच पुढचे काम हाती घ्यायचे. माती भुसभुशीत होऊन गळत असेल, तर झाड होते तसे परत बसवायचे. नवी कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचच रुंद घेते, म्हणजे सहा इंचीतून आठ इंचीत. थेट बारा इंचीत लावले तर मुळे पोचलेली नसलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे कुजू लागतात.

पाने लहान येऊ लागली म्हणून कुंडी बदलणे मात्र मला पटत नाही. हे झाड मूळचे फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावरचे, मोठ्या वृक्षांच्या खोडावर चढणारे. वर चढताना त्याची पाने मोठी होत जातात आणि लोंबत सोडले की लहान होत जातात. मोठी पाने हवी असतील तर त्याला मॉसस्टिकचा, म्हणजे शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेल्या काठीचा, आधार द्यावा.

नागपूर

ताई, मुळांचा मुद्दा मान्य आहे, पण हवेला इतके बाजूला सारता येत नाही. आमच्याकडे मृग लागतो तेव्हा पुष्कळदा पाऊस पोचलेलाही नसतो आणि घरात कूलरचा झोत सुरू असतो. अशा दिवसांत मुळे हलवलेले झाड तग धरत नाही. मी हे काम फेब्रुवारीत थंडी ओसरताना उरकते आणि तेव्हा राहिले तर जुलैत पाऊस स्थिरावल्यावर करते. मधल्या महिन्यांत मुळे कुंडीच्या भोकातून बाहेर डोकावली तरी मी फक्त पाणी वाढवते.

दुसरी गोष्ट मातीची. विदर्भातील काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती भिजल्यावर फुगते, वाळल्यावर आकसून कडेपासून सुटते आणि तिच्या भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. त्यामुळे मी ती जेमतेम मूठभर घेते. बाकी भुसभुशीत पोयटा, गांडूळखत, धुऊन घेतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि भाताचे जळके तूस असे मिश्रण करते.

चिपळूण

आमच्याकडे अडचण नेमकी उलट आहे. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मनीप्लांट कोणत्याही कुंडीत जोमाने वाढतो, पण मोत्यांच्या माळेची कुंडी या काळात बदलणे म्हणजे झाड हातचे घालवणे. ती मूळची दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली. तिची मुळे उथळ असतात आणि पाणी साठते ते मण्यांसारख्या गोल पानांत. मी ती थंडी संपताना, माती पूर्ण कोरडी असताना हलवते. कुंडी खोल न घेता पसरट घेते, मिश्रणात निम्मी जाड वाळू घालते आणि मातीची पातळी कुंडीच्या काठाजवळ ठेवते. माती खोलगट राहिली की मण्यांच्या बुडाशी वारा फिरत नाही आणि तिथूनच कूज सुरू होते. लावल्यावर लगेच पाणी घालत नाही. चार-पाच दिवस तुटलेली मुळे सुकू देते. आमची तांबडी माती नुसतीच वापरू नये. कुंडीत ती बसून घट्ट होते.

ठाणे

वेली कशा सांभाळाव्यात, हे अजून कुणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे, म्हणजे मुळांचा गोळा अखंड निघतो. मग जुन्या सुती साडीची रुंद पट्टी जमिनीवर पसरावी, सगळ्या वेली तिच्यावर एकाच दिशेने घ्याव्यात आणि पट्टी सैल गुंडाळत कुंडीपर्यंत आणावी. दोरीने बांधल्यास कोवळे शेंडे मोडतात. कुंडीत झाड बसवून झाल्यावरच गुंडाळी सोडावी.

वरून टक्कल पडलेल्या मनीप्लांटला याच वेळी दाट करता येते. वेलीच्या प्रत्येक पेरावर, देठाच्या बुडाशी, खरखरीत तपकिरी गाठ दिसते. तिथूनच मूळ फुटते. एक-दोन लांब वेली ओल्या मातीवर गोल फिरवून ती पेरे मातीला टेकवावीत आणि केसांच्या आकड्याने दाबून ठेवावीत. पेरांना मुळे धरली की तिथून नवे फुटवे येतात. मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो, असे आमच्या सोसायटीत अजूनही मानतात. एक पेर असलेले खांड मागून नेले तरी ते तितकेच लागते.

फोंडा, गोवा

मनीप्लांट हा अळूच्याच कुळातला आहे आणि त्याच्या रसातही अळूसारखेच ऑक्झॅलेटचे सुईदार स्फटिक असतात. मुळे मोकळी करताना हातमोजे घालावेत, आणि घरात मांजर असेल तर कापलेली पाने जमिनीवर पडू देऊ नयेत.

नाशिक

तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते. म्हणजे ओलसर पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मातीची जागाही कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवावी, ती माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा हवा असेल तर सगळी मातीच हलकी करावी. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी मातीवरच्या पांढऱ्या थराकडेही लक्ष द्यावे. तो क्षारांचा असतो, आणि तो दाट झाल्यावर मुळांना जागा असली तरी माती बदललेली बरी.

मिशिगन, अमेरिका

इथे घराबाहेर बर्फ असतो आणि आत हीटरची कोरडी हवा. डिसेंबरात कुंडी बदलली तर अपुऱ्या उजेडात माती आठवडाभर ओली राहते, म्हणून मी मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा झाल्यावर, नवे पान उमलताना दिसले की काम करते. होयाबद्दल मात्र घाई अजिबात नसावी. ती दाटीवाटीच्या मुळांत वर्षानुवर्षे सुखाने राहते. कुंडी बदलताना तिचे वाळक्या काडीसारखे दिसणारे जुने फुलदांडे छाटू नयेत, कारण पुढच्या हंगामात त्याच दांड्यावर पुन्हा गुच्छ येतो.

सातारा

स्पायडर प्लांटसाठी एक पुरवणी. पावसाळ्यात आपण ज्या फोडशीची भाजी करतो, तिच्याच गणातले हे आफ्रिकी झाड आहे. त्याची मुळे जाड, पाणी साठवणारी असतात आणि वाढली की सगळी माती वर ढकलतात. म्हणून लावताना काठ दीड-दोन इंच मोकळा सोडावा. एक शंका आहे: कुंडी बदलल्यावर शेणखताचा डोस लगेच द्यावा का?

नाशिक

लगेच देऊ नये. नव्या मिश्रणातले खत सुरुवातीला पुरेसे असते आणि दुखावलेल्या मुळांना जादा खताने इजाच होते. कुंडी आठ-दहा दिवस थेट उन्हाबाहेर, पण उजेडात ठेवावी. या काळात एखाद-दुसरे जुने पान पिवळे पडले तरी पाणी वाढवू नये. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच द्यावे. नवे पान पूर्ण उघडले की मग पातळ शेणस्लरीने (पाण्यात कालवलेल्या शेणाने) सुरुवात करावी.