‘मिथिंक्स’: ‘आय थिंक’ असताना ‘मी’ कुठून आले?

प्रश्न
शेक्सपिअर वाचताना ‘मिथिंक्स’ (methinks) वारंवार येते. अर्थ ‘मला वाटते’ असा लागतो. पण कर्त्याच्या जागी ‘आय’ न येता इंग्रजी ‘मी’ (me) का? आणि प्रथमपुरुष असताना शेवटी ‘एस’ कसा? की ही त्या काळची बोलीभाषेतली सूट?

उत्तर १
सूट नाही, व्याकरण चोख आहे. यातले ‘थिंक’ आजचे ‘थिंक’ नव्हे.

जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती: ‘थेंकन’ म्हणजे विचार करणे आणि ‘थ्युंकन’ म्हणजे भासणे, वाटणे. भूतकाळही वेगळे, ‘थोह्ते’ आणि ‘थूह्ते’. पुढे उच्चार जवळ येत गेले आणि मध्ययुगीन इंग्रजीत दोन्ही ‘थिंक’मध्ये मिसळली. जर्मनमध्ये ‘डेंकन’ आणि ‘ड्युंकन’ ही जोडी अजून वेगळी आहे. तिथले जुन्या वळणाचे ‘मिश ड्युंक्ट’ म्हणजे आपले ‘मिथिंक्स’च.

इंग्रजी ‘मी’ इथे चतुर्थी आहे. मराठी वाचकाला हे सहज कळावे: ‘मला वाटते’मध्ये ‘मला’ कर्ता नसतो आणि क्रियापद मराठी ‘मी’प्रमाणे चालत नाही. तसाच तो ‘एस’ तृतीयपुरुषी एकवचनाचा; त्याआधीचे रूप ‘मिथिंकेथ’.

उत्तर २
वरच्या उत्तराला जोड. ‘भासणे’ हा मूळ अर्थ धरला नाही तर काही जागा निसटतात. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकातील दुसरा प्रवेश पाहा. हॅम्लेट म्हणतो, वडील मला दिसताहेतसे वाटते, आणि त्याचा मित्र होरेशिओ दचकून ‘कुठे?’ विचारतो, कारण त्याने त्या वडिलांचे भूत पाहिलेले असते. इथे ‘माझे मत असे’ हा अर्थ घेतला तर त्याचे दचकणेच कळत नाही. ‘रिचर्ड तिसरा’मध्ये क्लॅरेन्स आपले स्वप्न ‘मिथॉट’ (‘मिथिंक्स’चा भूतकाळ) म्हणतच सांगतो. स्वप्नाला हे रूप फार शोभते.

मूळ प्रश्नकर्ता
आता नीट लागले. मग ‘हिथिंक्स’, ‘यूथिंक्स’ चालेल? एका जुन्या काळच्या संवादात वापरायचे आहे.

उत्तर १
‘हिथिंक्स’ नको, ‘ही’ (he) प्रथमा आहे. मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरकडे ‘हिम थॉट’ सापडते, म्हणजे ‘त्याला वाटले’. पण एक शब्द म्हणून टिकले ते प्रथमपुरुषाचेच. ‘आय मिथिंक्स’ ही नेहमीची चूक: ‘मी मला वाटते’ म्हटल्यासारखे होते. ‘मिथिंकिंग’ही नाही. वर्तमानाला ‘मिथिंक्स’, भूतकाळाला ‘मिथॉट’, एवढेच वापरा. वाक्याच्या आरंभी, मध्ये वा शेवटी कुठेही बसते. पुढे ‘दॅट’ बहुधा लागत नाही. उच्चारात जोर ‘थिं’वर.

उत्तर २
आणि उलट मराठीत आणायचे असेल तर ‘मज वाटे’. विभक्तीही जुळते, जुनेपणही. फक्त गद्य संवादात दर दोन ओळींनी नको; पात्र कीर्तनकार वाटू लागते.