नेमकं काय हवंय, हे ठरलं तेव्हा… (अनुभव धागा)

बारावीचा निकाल लागला की आमच्या परभणीत चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पोरांनी काय व्हायचं ते आधीच छापलेलं: भावी डॉक्टर, भावी कलेक्टर. म्हणून हा धागा. यशोगाथा नकोत, त्या सत्कारांत ऐकून झाल्यात. आयुष्यात काय हवंय हे तुम्हाला कधी उमगलं आणि त्यापायी तुम्ही कशाला 'नाही' म्हणालात, तेवढं लिहा. पुण्या-मुंबईला गेलेल्यांनीही लिहा.

अंबाजोगाईकर
ध्येय माझं नव्हतंच, मायचं होतं. दिवाळी झाली की माय-बा ऊसतोडीला जायचे, मी आज्जीपाशी. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आधीच घेतलेले पैसे. 'हिच्या हातात कोयता द्यायचा नाही,' एवढंच माय म्हणायची. दहावी होते न होते तोच नात्यातलं स्थळ आलं. लग्न लावलं की नवा कोयता होतो, उचल मिळते, हा उघड हिशोब. पाहुणे ओसरीवर बसलेले. मायनं चहाचे कप खाली ठेवले आन् म्हणाली, 'पोरगी शिकू लाली. तिचं झाल्याबिगर विषय काढू नका.' बा खाली मान घालून बसला. चुलत्यांनी बोलणं टाकलं ते लई दिवस. मी नर्सिंग केलं, आता सरकारी दवाखान्यात आहे. मायचं स्वप्न पुरं झालं. माझं स्वतःचं काय, हे मात्र अजून ठरायचंय.

तुतीवाला, जालना
मला श्रीमंत व्हायचं नव्हतं. वर्षातून एकदा कापूस विकून उधारी फेडायची आणि पुन्हा दुकानदाराच्या दारात उभं राहायचं, ते बंद करायचं होतं. घरात थोडा का होईना, पण दर दोन महिन्यांनी पैसा यावा. हे डोक्यात पक्कं झाल्यावर पिकं बघायची नजरच बदलली. कोणतं पीक भारी, यापेक्षा कोणतं पीक लवकर पैसा देतं ते बघू लागलो. तुती लावली, रेशीम अळ्यांचं शेड उभं केलं. चॉकी सेंटरवरून बाल्यावस्थेतल्या अळ्या आणायच्या, पुढं तीनेक आठवडे पाला टाकायचा. शेवटच्या अवस्थेत अळ्या एवढ्या खातात की रात्री शेडात पाऊस पडल्यागत आवाज येतो. त्या दिवसांत लग्न नाही, जत्रा नाही. सोयरे रुसले, रुसू द्या.

खरी अडचण बांधावर होती. शेजारच्याची कपाशी, त्याची फवारणी वाऱ्यानं माझ्या तुतीवर आली तर अळ्या मरतात. भांडून उपयोग नव्हता, त्याचंही पोट आहे. बांधाकडच्या पट्ट्यातला पाला मी अळ्यांना घालायचाच सोडला. जमीन गेली थोडी, पण शेजार राहिला. २०१८ पासून जालन्यातच रेशीम कोषांचा बाजार झाल्यानं, कोष विकायला कर्नाटकातल्या रामनगरची वारीही टळली.

लातूरची
वरचं वाचून छान वाटलं, पण एक सांगू? २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. नळ सुटायची वाट बघणं, टँकरमागं पळणं, घागरी मोजणं, दिवस त्यातच जायचा. आसपासच्या क्लासमध्ये सर रोज विचारायचे, 'पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल?' मला संध्याकाळी घरात पाणी असेल का, हे ठाऊक नसायचं. पोटापाण्याची सोय झाल्याशिवाय लांबचं दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणाला कमी लेखू नये.

हिंगोली
पोलीस भरती. सरकारची वयाची अट आडवी यायच्या आधीच मी माझी लावली. पहाटे ग्राऊंडवर १६०० मीटर, दुपारी अभ्यासिका. तिथं 'एकदा अजून' म्हणत तिशी गाठलेले दादा रोज दिसायचे, तेही हुशारच होते. ठरवलेल्या दिवशी थांबलो. आता तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वर्दी हवी होती की गावाजवळ राहून दर महिन्याला पैसा हवा होता, हे थांबल्यावरच निवांत तपासता आलं. दुसरंच निघालं.

नांदेड, वय ४६
१७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी दिली. सुनेनं गणित शिकवलं. 'आता काय करायचंय शिकून?' असं सगळ्यांनी विचारलं. बँकेत अंगठा द्यायचा नव्हता, बास.

धागाकर्ती
तुतीवाले दादा, आमच्या भावाला एक एकर करायचंय. कुठून सुरुवात करावी?

तुतीवाला, जालना
ताई, आधी जिल्हा रेशीम कार्यालयात जा. रोजगार हमीतून लागवडीची मजुरी मिळते का आणि त्याला कोणतं कार्ड लागतं, ते तिथंच विचारा. शेड बांधायची घाई नको, तुती वाढू द्या. आणि शेजारी कापूस कोण लावतो ते पहिल्यांदा बघा.