मदत हवी आहे: माणसं टिकवण्याचा फायदा हिशोबात कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देण्याचं) छोटं युनिट आहे, मी आणि चुलतभाऊ मिळून चालवतो. अडचण एकच, ऑपरेटर टिकत नाहीत. शेजारच्या गाळ्यात थोडे जास्त मिळाले की तयार झालेला माणूस जातो. नवा येतो, टूल ऑफसेट (मशीनला द्यायचं हत्याराचं माप) चुकतो, बोअर (भागातलं भोक) ओव्हरसाइज होतो आणि अख्खी बॅच रिजेक्ट होऊन परत येते.

माझं म्हणणं असं की पगार ठरल्या तारखेला व्हावा, ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने द्यावा, सुट्टी ऐनवेळी रद्द करू नये. आणि शंका आली तर मशीन थांबवायची मुभा ऑपरेटरला हवीच. टोयोटात लाइनवरचा साधा कामगारही दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, म्हणून चूक पुढे सरकत नाही. टाटा स्टीलने आठ तासांचा दिवस 1912 साली आणला, प्रॉव्हिडंट फंड 1920 साली. फंडाचा कायदा आला 1952 मध्ये!

दादा, म्हणजे चुलतभाऊ, म्हणतो, "ती मोठी माणसं, आपल्याला मार्जिन कुठंय?" त्याचंही खोटं नाही, आमची पेमेंट महिनोन्‌महिने अडकतात.

दहा-वीस माणसांचं युनिट चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: रिजेक्शन, रीवर्क, नव्या माणसाच्या शिकण्याचा काळ, यातलं तुम्ही नेमकं काय मोजलंत? फरक दिसायला किती महिने लागले? आणि हजेरी बोनसने माणसं खरंच थांबतात, की आजारी असूनही कामावर येतात?