लॉबीतला फिश टँक आणि मुलांचे लेझर: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. लॉबीतल्या चार फुटी टँकवर संध्याकाळी मुलं लेझर मारतात, अशी तक्रार आली आहे. मासे ठिपक्यामागे पळतात म्हणून मुलांना मजा वाटते. हे माशांना चालतं का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा.

बी-३०४: काका, आजच थांबवा. माशांना पापण्या नसतात. लेझर डोळ्यावर आला की आपण पाव सेकंदात डोळे मिटतो, मान फिरवतो. माशाला मिटायला काही नाहीच. बहुतेक माशांची बाहुलीसुद्धा उजेडात आपल्यासारखी बारीक होत नाही. त्यात ठिपक्याचा माग काढणारा मासा तोंड ठिपक्याकडेच ठेवतो, म्हणजे खेळ जितका रंगेल तितका किरण डोळ्यात जाण्याचा संभव जास्त.

सी-७०१: बी-३०४ यांचा मुद्दा पुढे नेतो. लेझरचे वर्ग असतात. क्लास २ म्हणजे १ मिलिवॉट ताकदीपर्यंत, ३आर म्हणजे ५ पर्यंत, ३बी म्हणजे ५०० पर्यंत. क्लास २ माणसाला चालतो असं धरतात, ते माणूस पाव सेकंदात डोळे मिटेल या हिशोबावर. माशाच्या बाबतीत तो हिशोबच लागू होत नाही. त्यामुळे पाकिटावर 'सेफ' लिहिलंय म्हणून टँकवर मारला, असं करू नका.

ए-५०३: पण लाल लेझर चालत असेल ना? तो सौम्य दिसतो. आणि फायटरसारख्या सुस्त माशाला तेवढीच हालचाल होते असं ऐकलंय.

सी-७०१: ताई, लाल सौम्य दिसतो तो आपल्या डोळ्याला. लाल लेझरच्या ६५० नॅनोमीटर तरंगलांबीला आपला डोळा कमी संवेदनशील आहे, म्हणून ५ मिलिवॉट लाल फिका आणि ५ मिलिवॉट हिरवा झगझगीत वाटतो. ऊर्जा दोन्हीत सारखीच. पाणी लाल रंग शोषतं हे खरं, पण दीड फुटात जेमतेम सातवा हिस्सा. बाकीचा पार पलीकडे पोचतो.

हिरव्याची भानगड वेगळी आहे. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकातून १०६४ तयार करतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२, म्हणजे हिरवा करतो. मधले दोन्ही किरण अदृश्य. त्यांना अडवणारा फिल्टर पुढे हवा, आणि पैसे वाचवायला तोच गाळतात. मग दिसतो त्यापेक्षा जास्त उजेड बाहेर येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकेतल्या निस्ट या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचे आकडे जाहीर केले होते. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालपैकी साधारण ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. म्हणून लेबलवरच्या '५ मिलिवॉट'वर विसंबू नका. घरी मोजायची खात्रीची सोयही नाही.

डी-२०१ (डॉक्टर): मुलांच्या डोळ्यांचं मला जास्त वाटतं. किरण डोळ्याच्या भिंगातून जाऊन मागच्या पडद्यावर (रेटिनावर) बारीक ठिपक्यात गोळा होतो. तिथे भाजलं तरी दुखत नाही, म्हणून मूल सांगतही नाही. काही वेळाने वाचताना मधोमध डाग दिसतो किंवा रेघ वाकडी वाटते. असं कुणी म्हणालं तर ड्रॉप्स घालत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

बी-१०१: मुलं तर लेझर टँकवर मारतात, एकमेकांवर नाही. तरी धोका?

सी-७०१: काच आहे ना. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या किरणाचा साधारण ४ टक्के भाग परत येतो. ५ मिलिवॉटचे ०.२ होतात. पण पॉइंटर लेबल नसलेला १०० मिलिवॉटचा निघाला तर ४ मिलिवॉट काचेसमोर उभ्या असलेल्याच्या डोळ्याकडे येतात. आपला टँक तीन फुटी स्टँडवर आहे, म्हणजे अगदी आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

आतली गंमत तर मुलांना माहीतच नाही. समोरून तिरका गेलेला किरण बाजूच्या काचेवर आदळला की बऱ्याचदा बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. पाण्याच्या पृष्ठभागाचंही तेच: खालून ४९ अंशांपेक्षा जास्त कललेला किरण वर निघतच नाही, आरशासारखा परत खाली येतो. म्हणजे एकाच मासोळीवर नेम धरला तरी टँकमध्ये दोन-तीन किरण फिरत असतात. कुणाच्या डोळ्यात जातील सांगता येत नाही.

ए-५०३: समजलं. मग मुलांना टँकशी खेळण्यासारखं काहीच नाही का?

बी-३०४: आहे, आणि माशांनाही ते बरं. साधा की-चेनचा एलईडी घ्या. त्यापुढे पुठ्ठा धरा, त्याला पेन्सिलच्या टोकाने ५ मिलिमीटरचं भोक. टँकच्या बाजूच्या काचेला बाहेरून बटर पेपर चिकटवा आणि एलईडी त्या कागदाच्या मागून, काचेपासून चार-पाच इंचांवर धरा. कागदावर मऊ कडेचा फिका ठिपका पडतो. तो हळू सरकवा. लॉबीचा दिवा चालू ठेवा, नाहीतर अंधारात एकदम उजेड दिसून मासे दचकतात आणि काचेवर आपटतात. दोन मिनिटं पुरे. शेवटी ठिपका थांबवून त्याच जागी वरून तीन-चार दाणे टाका. नुसतं पळवून हाती काही लागलं नाही तर मासा चिडतो, विशेषतः फ्लॉवरहॉर्न आणि फायटर काचेला तोंड मारत राहतात.

ताई, फायटरच्या हालचालीसाठी लेझर नको. बाहेरून छोटा आरसा दाखवा, दोन-तीन मिनिटं, दिवसाआड. गलफडं फुगवून झालं की काढून घ्या.

सी-५०२: झेब्राफिशचा डोळा पुन्हा तयार होतो असं वाचलंय. मग एवढं काय?

बी-३०४: झेब्राफिशमध्ये पडदा दुरुस्त होतो, हे प्रयोगशाळांमध्ये नीट अभ्यासलेलं आहे. पण त्याला आठवडे लागतात. तोवर मासा अन्न टिपण्यात मागे पडतो आणि टँकमधले दुसरे मासे त्याला हाकलतात.

ए-१०२: आपल्या टँकमधल्या माशांना आधीच इजा झाली असेल तर कसं कळेल?

बी-३०४: खाणं टाकताना पाच मिनिटं उभं राहून बघा. घाबरलेला एंजलफिश कोपऱ्यात तिरका उभा राहतो, पट्टे फिके पडतात, गलफडं भराभर हलतात. डोळ्याला त्रास असलेला मासा दाण्याजवळ जाऊन शेजारी तोंड मारतो, किंवा एकाच बाजूचे दाणे टिपतो. डोळा पांढुरका दिसला तर मात्र लगेच लेझरवर ढकलू नका, घाण पाण्यानेही तसंच होतं. आधी २० ते २५ टक्के पाणी बदला. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटी-क्लोरीन घालूनच. टँकरचं पाणी आलं असेल त्या दिवशी बदलू नका, त्याचा खारटपणा वेगळा असतो. न खाल्लेले दाणे जाळीने काढा, नाहीतर अमोनिया वाढतो. आणि टँकच्या झाकणातला दिवा आठ तासांवर जायला नको, टायमर लावून टाका.

बी-१०१: हाउसकीपिंगवाले पाण्याचं तापमान थर्मामीटर गनने बघतात, तिचाही लाल ठिपका असतो. तेही बंद करायचं का?

सी-७०१: हो, आणि दुसऱ्या कारणानेही. ती गन उष्णतेचे जे किरण मोजते, ते काचेतून येत नाहीत. त्यामुळे काचेचं तापमान दिसतं, पाण्याचं नाही. वरून उघड्या पाण्यावर मारली तरी फक्त वरचा थर मोजते, आणि तो बाष्पीभवनाने थंड असतो. आत काचेचा साधा थर्मामीटर चिकटवा. हिवाळ्यात हीटर किती चालतोय ते त्यावर नीट कळेल.

डी-२०१: सेक्रेटरीसाहेब, पॉइंटर जप्त केले तर बॅटऱ्या मोकळ्या टाकू नका. त्यात बऱ्याचदा लहान बटण सेल असतात. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत इजा होते, तेव्हा थेट हॉस्पिटल.

ए-१०२: ठीक. सूचना अशी लावतो: "टँककडे लेझर मारू नये. माशांना पापण्या नसल्याने त्यांच्या डोळ्यांना इजा होते आणि काचेवरून किरण मुलांच्या डोळ्यांत परत येतो." गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरवर २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांनी बंदी घातली होती, त्याचाही उल्लेख करतो.

बी-३०४: सूचना टँकच्या समोरच्या काचेवर नको, मुलांच्या नजरेच्या उंचीला बाजूच्या भिंतीवर लावा. आणि मागच्या काचेला चंदेरी कागद आहे, तो काढून काळा मॅट चार्ट पेपर लावायला सांगा. चंदेरी कागदावरून कुठलाही उजेड बराचसा परत येतो. चार फुटी काचेला दोन चार्ट पेपर पुरतात, कडा सेलो टेपने.

ए-१०२: उद्या सकाळी करून घेतो. ताई, बटर पेपर तुम्ही आणाल का?

ए-५०३: आणते.