मदत हवी आहे: ओव्याचं तेल आणि अडुळशाचा अर्क यांची तुलना कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओव्याचं तेल आणि अडुळशाच्या पानांचा मिथेनॉल अर्क जिवाणूंवर कितपत चालतो, हा प्रकल्पाचा विषय आहे. तेल क्लेव्हेंजरवर (वाफेच्या साहाय्यानं तेल काढायचं उपकरण) काढलंय, जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय.

म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) तेल किंवा अर्क लावलेल्या ६ मिमीच्या कागदी डिस्क ठेवल्या की ओव्याभोवती भलामोठा झोन (जिवाणू न वाढलेली मोकळी जागा) येतो, अडुळशाभोवती काहीच नाही. विभागात सगळे म्हणतात, ‘नो ॲक्टिव्हिटी’ लिहून मोकळी हो. मला हे पटत नाही. ओव्यातलं थायमॉल वाफेनंही पसरतं. अडुळशातले घटक अगारमधून पुढे सरकलेच नसतील, तर झोन दिसणार कुठून? दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, काढतेय. तिथे तीन ठिकाणी अडलंय:

१. तेल ब्रॉथवर (जिवाणू वाढवायचा द्रव) तरंगतं. ते मिसळायला ट्वीन ८० घालू की डीएमएसओ, आणि किती?

२. तेलाशेजारच्या ज्या वेलमध्ये नुसता ब्रॉथ आणि जिवाणू आहेत, तिथेही वाढ होत नाही! लांबच्या वेलमध्ये मात्र छान होते.

३. अडुळशाचा अर्क इतका गर्द हिरवा आहे की जिवाणू वाढल्यावर येणारा गढूळपणा कळतच नाही.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. मनापासून हवंय.

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. झोनच्या मापावरून तेल आणि अर्क यांची तुलना करूच नये.

दुसऱ्या अडचणीचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: वाफ. ओव्यासाठी वेगळी प्लेट घ्या, कंट्रोल (तेल नसलेल्या, तुलनेसाठीच्या वेल) लांबच्या कोपऱ्यात ठेवा, मध्ये रिकाम्या रांगा सोडा आणि वर चिकटणारी फिल्म लावा. हे दोन्ही जिवाणू कमी ऑक्सिजनमध्येही वाढतात, त्यामुळे फिल्मची भीती नको.

ट्वीन ८० अंतिम ०.५ टक्क्याच्या आसपास पुरतं. डीएमएसओ १ टक्क्याच्या आत ठेवा. जे वापराल ते तितक्याच प्रमाणात, तेल न घालता, कंट्रोललाही हवं.

हिरव्या रंगाच्या अडचणीसाठी रेझाझुरिन हे रंगद्रव्य घाला. जिवंत जिवाणू असले की निळ्याचा गुलाबी होतो. पण इथे खरी मेख आहे: अर्कातले अँटिऑक्सिडंट घटक जिवाणू नसतानाही हा रंग बदलू शकतात. म्हणून अर्क, ब्रॉथ आणि रेझाझुरिन एवढंच असलेली एक रांग ठेवाच. शिवाय वाढ नसलेल्या वेलमधलं थोडं साध्या अगारवर पसरून बघा. जिवाणू मेलेत की नुसते थांबलेत ते कळेल.

दोघांची मात्रा मिग्रॅ प्रति मिली अशीच लिहा. तेल मायक्रोलिटरमध्ये आणि अर्क मिलिग्रॅममध्ये असं नको, तेल वजन करून घ्या. ई. कोलायला बाहेरचं जादा आवरण असल्यामुळे तिथले आकडे बहुधा जास्त येतील, ते वेगळे मांडा.

एवढं करूनही अडुळसा जिवाणूंवर चालला नाही, तर तसं निःसंकोच लिहा. खोकल्यावर त्याचा उपयोग जिवाणू मारण्यावर अवलंबून नाही. त्यातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. फक्त ‘नो ॲक्टिव्हिटी’ऐवजी कोणत्या जिवाणूवर, कोणत्या पद्धतीत, किती मात्रेपर्यंत परिणाम दिसला नाही, ते लिहा.

जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा कंट्रोल लावलाय ना? त्याचे आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.