मदत हवी आहे : शैक्षणिक प्रशासनातील संदर्भांचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी. शैक्षणिक प्रशासनातलं संशोधन एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे कसं पोहोचतं, हे मी संदर्भांवरून शोधतो आहे. सुरुवात दोन जुन्या नियतकालिकांपासून केली आहे : 1963 पासूनचं ‘जर्नल ऑफ एज्युकेशनल ॲडमिनिस्ट्रेशन’ आणि 1965 पासूनचं ‘एज्युकेशनल ॲडमिनिस्ट्रेशन क्वार्टर्ली’.

कोणते लेख एकमेकांशी जोडलेले आहेत याचा नकाशा व्हॉसव्ह्यूअर या संगणकीय साधनात काढता येतो, ते जमतंय. सहसंदर्भाची पद्धत हेन्री स्मॉल यांनी 1973 मध्ये मांडली : दोन लेख एकत्र जितक्या वेळा उद्धृत होतात, तितके ते जवळचे. पण संदर्भ दिला म्हणजे ज्ञान पोहोचलं का? मुख्याध्यापकांच्या शैक्षणिक नेतृत्वावरचा हॅलिंजर आणि मर्फी यांचा 1985 चा लेख घ्या. कुणी त्यातली प्रश्नावली खरोखर वापरतं, तर कुणी प्रस्तावनेत कंसात पाच-सहा नावांच्या रांगेत त्याला बसवून पुढे जातं. मोजणीत दोघांना सारखंच वजन! माझ्या मते हा फरक पुसला गेला तर सगळा नकाशाच फसवा ठरतो.

म्हणून विचारतो, संदर्भाचा हेतू ओळखून वर्गीकरण कुणी हाताने केलंय का? निकष काय ठेवले? दोन जणांनी स्वतंत्रपणे वर्गीकरण केलं, तर मतभेद कसे सोडवले?

आणखी एक. या विषयात पुस्तकं फार उद्धृत होतात, आणि स्कोपस या संशोधन-लेखांच्या माहितीसंग्रहातून उतरवलेल्या यादीत एकच पुस्तक आवृत्तीगणिक वेगळं दिसतं. ही साफसफाई कशी करता? अनुभव असेल तर सविस्तर लिहा, फार उपयोग होईल.