‘प्रीती उन्नती करते’ : इथे ‘उन्नती’ म्हणजे काय?

प्रश्न : बायबलमधलं, पौलानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं ‘करिंथकरांस पहिलं पत्र’, अध्याय ८, वचन १ : ‘ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते.’ ‘फुगवते’ लगेच कळतं. पण उन्नती म्हटलं की मला बढतीच आठवते. मूळ शब्द काय आहे?

प्रतिसाद : ‘ओइकोदोमेओ’. ‘ओइकोस’ म्हणजे घर, म्हणून शब्दशः घर बांधणं. ‘फुगवते’साठी ‘फुसिओओ’, लोहाराच्या भात्याला ग्रीकमध्ये ‘फुसा’ म्हणतात, त्याच कुळातला. एकीकडे भात्यातली हवा, दुसरीकडे विटेवर चढणारी वीट. ‘उन्नती’त ती वीट दिसत नाही. मी ‘उभारणी करते’ म्हणेन.

‘फुसिओओ’ या एका पत्रात ६ वेळा येतो. नव्या करारात त्याबाहेर फक्त कलस्सैकर २:१८ मध्ये. लग्नात वाचतात त्या १३व्या अध्यायातही, प्रीती ‘फुगत नाही’, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे तो अध्यायसुद्धा याच भांडलेल्या मंडळीला लिहिलेला! वाद होता मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा. जाणती माणसं म्हणत, मूर्ती काहीच नाही, देव एकच (हेच चौथं वचन), मग खायला काय हरकत? पौलाला हे मान्यच आहे. तरी तेराव्या वचनात तो म्हणतो, माझ्या खाण्यानं भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.

प्रश्नकर्ता : विचारण्याचं कारण सांगतो. शेजारून गणपतीचा प्रसाद आला. आत्या तो खात नाही. तिच्या मनाला ते पटत नाही. मी हाच अध्याय उघडून, चौथ्या वचनावर बोट ठेवून, सगळ्यांसमोर तिला गप्प केलं. ती न जेवता उठली. घरात म्हणाले, आत्या फुगून बसली.

प्रतिसाद : मराठीत ‘फुगणे’ रुसण्यालाही लागतं आणि गर्वालाही. पौलाच्या शब्दात रुसवा नाही, फक्त गर्व आहे. तुमचं चौथं वचन बरोबरच होतं. पण वाचन तिथे थांबवू नका. मूळ ग्रीकमध्ये दहाव्या वचनापर्यंत ‘दुर्बळ’ येतो, ‘भाऊ’ एकदाही नाही. अकराव्यापासून तेराव्यापर्यंत, तीनच वचनांत, ‘भाऊ’ ४ वेळा आहे. शेवटचे दोन तर ‘माझा भाऊ’.

प्रश्नकर्ता : आज आत्याकडे जातो. तेरावं वचन तिच्याकडूनच वाचून घेतो.